धमनीच्या भिंतीतील दवंडी

दाह हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. पायात बाभळीचा काटा मोडून तसाच राहिला, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, तापते, सुजते आणि ठणकू लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात केल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने दाहाची हीच चार लक्षणे नमूद करून ठेविली. पुढे वैद्यकाने त्यांस पाचवे जोडले. ते म्हणजे त्या अवयवाचे काम थांबणे. काटा निघाला, की चार दिवसांत सर्व पूर्ववत् होते. यावरून ध्यानात येईल, की दाह हा स्वभावतः आपला वैरी नव्हे. तो शरीराचा राखणदार आहे. संकट आले असता तो हाक मारतो, मदत गोळा करतो, आणि काम संपले म्हणजे गप्प बसतो.

परंतु काटा निघालाच नाही तर? आणि तो अशा जागी रुतलेला असला, की जेथील लाली डोळ्यांस दिसत नाही, जेथील ताप हातास लागत नाही, आणि जेथील ठणका आपणांस मुळीच कळत नाही, तर? अशी जागा प्रत्येकाच्या देहात आहे. ती म्हणजे धमनीची भिंत. केल्ससची चारही लक्षणे तेथे गुप्त राहतात; प्रकट होते ते पाचवेच, आणि तेही पुष्कळदा एकाएकी, हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या झटक्याच्या रूपाने. हा गुप्त दाह कसा पेटतो, तो विझत का नाही, आणि त्या भिंतीतील स्नायुपेशींवर त्याचा काय परिणाम होतो, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापित्यांस होईल तितक्या सोप्या भाषेत सांगावे, असा आमचा येथे हेतु आहे.

प्रथम भिंतीची रचना पाहू. धमनी म्हणजे काही केवळ रबराची नळी नव्हे. तिच्या भिंतीस तीन स्तर असतात. आतला स्तर अत्यंत पातळ, एकाच पेशीच्या जाडीचा असून तो वाहत्या रक्तास लागून असतो. बाहेरचा स्तर चिवट तंतूंचा असतो. या दोहोंच्या मध्ये जो स्तर आहे, त्यातच आमच्या विषयाचे मुख्य पात्र राहते. ते म्हणजे स्नायुपेशी. ह्या पेशी चरख्याच्या चातीसारख्या, मध्ये जाड व दोन्ही टोकांस निमुळत्या असतात, आणि नळीभोवती वेटोळे घालून बसतात. त्या आखडल्या की धमनी अरुंद होते, सैल पडल्या की रुंद होते. हृदय मिनिटास ७० ठोके देते असे धरिले, तर दिवसाकाठी एक लक्षाहून अधिक ठोके होतात. त्या प्रत्येक ठोक्याचा लोट झेलणे, आणि धावताना पायांस, जेवल्यावर पोटास, अभ्यास करिताना मेंदूस, ज्यास जितके रक्त पाहिजे तितके जाऊ देणे, हे ह्या मध्यस्तराचे काम. आपल्याकडील पाटकरी जसा पाटाची दारे उघडून व मिटून प्रत्येक शेतास पाणी पोहोचवितो, तद्वत् हे होय.

पाटकऱ्यास दार केव्हा उघडावे हे कोणी तरी सांगावे लागते. पेशीसही तसेच सांगावे लागते. पेशीस डोळे नाहीत, कान नाहीत; परंतु तिच्या पापुद्र्यावर निरनिराळ्या आकारांची प्रथिने रोवलेली असतात. रक्तातून अथवा शेजारच्या पेशीकडून आलेला एखादा रासायनिक पदार्थ त्यांपैकी नेमक्या एकास, कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. तो स्वतः आत शिरतोच असे नाही. तो बाहेरूनच दार ठोठावितो, आणि आतील दुसरे पदार्थ तो निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवीत नेतात. ह्यासच पेशींतील संदेशवहन म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली असे दाखवून दिले, की धमनीचा आतला पातळ स्तर खरडून काढिला, तर एरवी तिला सैल करणारे औषध तिला सैल करू शकत नाही. म्हणजे सैल होण्याचा निरोप आतला स्तर देत असतो. तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आहे असे पुढे सिद्ध झाले, आणि या शोधमालिकेबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांस १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आतला स्तर निरोगी आहे तोवर तो शेजारच्या स्नायुपेशींस जणू अहर्निश सांगत असतो, की सर्व ठीक आहे, सैल असा, आपले काम करा.

आता संकटाची दवंडी कशी पिटली जाते ते पाहू. पूर्वी गावावर काही अरिष्ट आले, म्हणजे कोतवाल दवंडी पिटी आणि ती आळीआळीने पोहोचे. शरीरातही अशा दवंड्या आहेत. जंतूंचा शिरकाव झाला, तंबाखूचा विषारी धूर रक्तात मिसळला, रक्तदाबाने भिंतीवर सतत ताण पडला, किंवा रक्तातील मेद भिंतीत झिरपून तेथे आंबला, म्हणजे आतल्या स्तरातील आणि रक्तातील पांढऱ्या पेशी विशिष्ट प्रथिने सोडतात. त्यांपैकी एकाचे नाव टीएनएफ, दुसऱ्याचे इंटरल्यूकिन-१. ही दवंडी स्नायुपेशीच्या दारावर पोहोचली, की आत काय घडते हे समजण्यासारखे आहे.

स्नायुपेशीच्या पोटात एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन नेहमीच तयार असते. १९८६ साली रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी ते प्रथम रक्तातील एका जातीच्या पांढऱ्या पेशींत ओळखिले. नंतर ते शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असल्याचे आढळले. हे प्रथिन म्हणजे जणू आणीबाणीचा अधिकारी. परंतु एरवी त्यास दुसरे एक प्रथिन घट्ट धरून असते, त्यास आपण ‘कुलूप’ म्हणू. कुलूप आहे तोवर अधिकारी केंद्रकात, म्हणजे पेशीच्या दफ्तरखान्यात, जाऊ शकत नाही. दवंडी दारावर आली, की निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात जात एका विकरापर्यंत पोहोचतो. ते विकर कुलपावर खूण करिते, आणि खूण केलेले कुलूप पेशीतील मोडतोड करणारी यंत्रणा नष्ट करून टाकते. अधिकारी सुटतो, दफ्तरखान्यात शिरतो, आणि तेथील आनुवंशिक पोथीतील निवडक पाने उघडून हुकूम सोडितो. त्या हुकमांप्रमाणे पेशी पांढऱ्या पेशींस बोलावणारे पदार्थ तयार करिते, त्यांस चिकटण्यास जागा करून देते, आणि दवंडीचे शब्द स्वतःही पुढे ओरडू लागते. अशा रीतीने ऐकणारा तोच सांगणारा होतो.

याच ठिकाणी सृष्टिकर्त्याच्या योजनेतील एक मोठी सुंदर गोष्ट दृष्टीस पडते. सुटलेला अधिकारी जे हुकूम सोडितो, त्यांतच एक हुकूम असा असतो, की नवे कुलूप तयार करा. म्हणजे गजराच्या पोटातच गजर थांबविण्याची सोय आहे. नवे कुलूप तयार होते, अधिकाऱ्यास पकडते, दफ्तरखान्याबाहेर आणते, आणि पेशी पुन्हा शांत होते. काट्याच्या जखमेत चार दिवसांनी सूज उतरते, ती ह्या व हिच्यासारख्या अनेक योजनांमुळे. दाह निरोगी आहे की रोगट, हे तो किती जोराने पेटला यावरून तितकेसे ठरत नाही. तो वेळेवर विझला की नाही, यावरून ठरते.

परंतु दाराशी दवंडी रोजच वाजत राहिली तर कुलूप बसते आणि पुन्हा तुटते, बसते आणि पुन्हा तुटते. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्षे हा क्रम चालला, म्हणजे स्नायुपेशी शेवटी आपला धंदाच बदलिते. आखडणे व सैल पडणे हे काम ती सोडून देते; त्या कामास लागणारी प्रथिने कमी करिते; तिची संख्या वाढू लागते; मध्यस्तर सोडून ती आतल्या स्तराखाली सरकते आणि तेथे तंतूंचे ढीग घालीत बसते. काही पेशी तर मेद गिळून फुगतात आणि सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींसारख्या दिसू लागतात. भिंत जाड होते, ताठर होते, तिच्यात मेदाची गाठ वाढते. ती गाठ एखादे दिवशी फुटली, की तिच्यावर रक्त गोठते आणि वाट बंद होते. ती वाट हृदयाची असेल तर हृदयविकाराचा झटका, मेंदूची असेल तर पक्षाघात. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या गाठीवर जे तंतूंचे जाड आवरण असते आणि जे तिला फुटू देत नाही, तेही ह्याच स्थलांतरित स्नायुपेशी विणतात. तेव्हा त्यांस सरसकट दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. त्या संकटातही काही तरी सावरण्याचीच धडपड करीत असतात.

हे धंदा बदलणे नीट मनात भरावे म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आज साऱ्या देशास ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर ह्या गावाची जी दशा झाली, ती ज्येष्ठ मंडळी अजून सांगतात. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, शेतीत पोट भरेना. तेव्हा जे चांगले शेतकरी होते, तेच पुणे-मुंबईच्या वाटेने मजुरीस गेले, आणि मागे राहिलेल्या गावात दारूचे गुत्ते वाढले. माणसे तीच होती. त्यांच्या रक्तात काही दोष शिरला नव्हता. त्यांच्या कानी रोज एकच दवंडी पडत होती, ती टंचाईची. आणि त्या दवंडीने त्यांचा धंदा पालटला. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभेने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन हे नियम स्वीकारिले. डोंगरउतारावर चर खणून पाणी मुरविले. शेतीसाठी कूपनलिका खणण्यास मनाई केली. आणि पावसाचे माप घेऊन, पाणी किती आहे ते पाहून मग कोणती पिके घ्यावयाची हे ठरविण्याची रीत पाडिली. विहिरींस पाणी आले, आणि गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परत येऊन पुन्हा शेतकरी झाली. श्री. पवार यांस सरकारने पद्मश्री देऊन गौरविले. येथे आम्हांस सांगावयाचे ते इतकेच, की त्या गावाने माणसे बदलिली नाहीत. माणसांच्या कानी पडणारा निरोप बदलिला.

स्नायुपेशीचेही असेच आहे. प्रयोगशाळेत असे दिसून आले आहे, की परिस्थिती पालटली असता धंदा सोडलेली स्नायुपेशी बऱ्याच अंशी आपल्या मूळ कामावर परत येऊ शकते. सर्वच नुकसान भरून निघते असे मात्र नाही. चुन्यासारखी कठीण झालेली गाठ सहसा विरघळत नाही. म्हणून वेळीच जागे होणे हाच शहाणपणा.

विद्यार्थी म्हणतील, हा तर म्हाताऱ्या माणसांचा रोग, आम्हांस त्याचे काय? त्यांनी पुढील गोष्ट लक्षात ठेवावी. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते. ही सुदृढ तरुण मुले. तथापि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत विकाराची काही ना काही चिन्हे सापडली. तात्पर्य, दवंडी तरुणपणीच सुरू होते. ती घरात ऐकू येते तेव्हा पन्नाशी आलेली असते.

धमनीचा हा रोग म्हणजे केवळ मेदाचा साठा नसून दाह आहे, हे मत एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो यांनी मांडिले होते. अमेरिकेतील रसेल रॉस यांनी १९९९ साली त्यास नव्या ज्ञानाची जोड दिली. पुरावा मिळाला तो २०१७ साली. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रोग्यांवर एक चाचणी झाली. त्यांपैकी काहींस इंटरल्यूकिन-१ ह्या दवंडीचा एक प्रकार बंद पाडणारे औषध दिले. रक्तातील मेद कमी झाला नाही. तरीही मधल्या मात्रेत हृदयविकार, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु त्याच औषधाने प्राणघातक जंतुसंसर्ग किंचित वाढले. राखणदाराचे तोंड अजिबात बांधिले, तर चोर शिरणारच. ह्या एका चाचणीत आमच्या लेखाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत.

आपल्या रानाचाही ह्या कथेत भाग आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वालेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची कळलावी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. वातरक्ताच्या दुखण्यावर ते फार दिवसांपासून देतात. अत्यल्प मात्रेत ते हृदयरोग्यांस उपयोगी पडते असे २०१९ व २०२० च्या चाचण्यांत दिसले; झटक्यानंतर लगेच दिलेल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र लाभ आढळला नाही. ह्यावरून कोणी कळलावीच्या वाटेस जाऊ नये. तिचा कंद जहाल विष आहे. त्याने माणसे दगावली आहेत.

मग आपण करावयाचे काय? औषध ही वैद्यांची बाब. परंतु दवंडी पिटणाऱ्यास वेशीवर अडविणे हे आपल्या हाती आहे. पहिला शत्रू तंबाखू. विडी असो, गुटखा असो, किंवा आमच्या खेड्यांतील बायाबापड्या दातांस लावितात ती मशेरी असो, तंबाखू ती तंबाखूच. धुराने आतल्या स्तराचा तो शांतीचा निरोप, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, कमी पडतो. आणि चघळलेल्या तंबाखूचाही हृदयविकाराशी संबंध आढळला आहे. हिवरे बाजारने नशाबंदी केली ती गावाच्या व संसाराच्या कल्याणासाठी; पण तिने धमनीच्या वेशीवरही पहारा बसतो, हे आता आपणांस कळले.

दुसरा शत्रू रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून तो नाही असे आपण समजतो. वाढलेल्या रक्तदाबाशी निगडित असलेला अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ स्नायुपेशीस केवळ आखडावयास लावितो असे नव्हे, तर वर वर्णिलेले कुलूपही तोडवितो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि सर्व जगाचे लक्ष तिकडे वेधिले. आज त्याहून सौम्य व स्वस्त गोळ्या मिळतात. खेद इतकाच, की बरे वाटू लागले म्हणून पुष्कळ लोक त्या मधेच सोडितात. बरे वाटणे ही धमनीची साक्ष नव्हे, कारण धमनी बोलत नाही. गोळी सुरू आहे ती वैद्यास विचारल्यावाचून बंद करू नये.

तिसरा शत्रू आळस व अतिपोषण. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गातील पुरुषांची तुलना करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहरवासीयांत चरबी अधिक होती, आणि रक्तातील दाहाच्या खुणाही अधिक होत्या. पोटावरील चरबी ही मुकी पिशवी नसून तीही दवंडी पिटणारी आहे. शेतात राबणाऱ्या बापाचा मुलगा शिकून खुर्चीवर बसतो, ह्यात आम्हांस आनंद आहे. पण त्याने रोज एक तास तरी चालावे, खेळावे, आणि आजीच्या हातची भाकरी व पालेभाजी ओशाळवाणी मानू नये.

हे ज्ञान खेड्यात पोहोचू शकत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने जामखेडकडे पाहावे. आपल्याच जिल्ह्यात १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने तेथे आरोग्यप्रकल्प उभारिला. ज्यांस अक्षरओळखही नव्हती अशा खेड्यांतील स्त्रियांस त्यांनी आरोग्यसेविका बनविले, आणि त्या स्त्रियांनी घरोघरी जाऊन मोठमोठ्या शिकलेल्यांस न जमलेले काम केले. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. जे काम निरक्षर मातांनी केले, ते हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांमुलींस अवघड वाटू नये.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात शरीर एक व अवयव अनेक असा दृष्टांत दिला आहे, आणि एका अवयवाचे दुःख ते सर्वांचे दुःख असे त्याचे सांगणे आहे. पेशींचे शास्त्र वाचताना त्या दृष्टांताचा अर्थ आम्हांस अधिक खोल वाटू लागतो. सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एवढे एक काम करावे: आईवडिलांस, आजीआजोबांस घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, त्यांचा रक्तदाब मोजून घ्यावा, आणि तो आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. दुखत नाही, मग कशाला, असे ते म्हणतील. त्यांस वरील काट्याची गोष्ट सांगावी, आणि हट्टाने न्यावे.